बोल्ट: आवळणारा आणि उधळणारा

इंग्रजीत ‘बोल्ट’ दिसला की आपल्याला नटबोल्ट आठवतो. मग घोडा बोल्ट झाला, कांदा बोल्ट झाला अशी वाक्यं आली की अडायला होतं. या सगळ्यांचं मूळ एकच: क्रॉसबोमधून, म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्यातून, सुटणारा आखूड, जाड टोकाचा बाण. काही अर्थ बाणाच्या आकारावरून आले, काही वेगावरून.

आकाराचे अर्थ सोपे. दाराचा बोल्ट म्हणजे सरकता अडसर, कापडाचा बोल्ट म्हणजे तागा, आणि डोकं असलेला धातूचा दांडा म्हणजे आपला नेहमीचा बोल्ट. त्याच्या डोक्यावर अनेकदा ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिल्या ८ चा अर्थ, तो तुटायला दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन ताण लागतो. पुढचा .८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो कायमचा लांबतो. बोल्ट धरून ठेवतो तो मुळात स्प्रिंगसारखा ताणला जातो म्हणून. कमी आवळला तर थरथरीने सुटतो, जास्त आवळला तर ताण खाऊन निकामी होतो. आट्यांना तेल असेल तर पाना तेवढ्याच जोराने फिरवूनही ताण बराच जास्त येतो. बोल्ट तुटतात ते अनेकदा इथेच. एम१० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या, नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असतं. त्यावर १.२५ चा बारीक आट्यांचा नट रेटलात तर आटे गेलेच समजा.

वेगाच्या बोल्टला मात्र मराठीत दर ठिकाणी वेगळं क्रियापद लागतं: घोडा उधळतो, माणूस धूम ठोकतो, जेवण बकाबका गिळलं जातं. ‘निळ्यातून बोल्ट’ म्हणजे निरभ्र आभाळातून कोसळलेली वीज.

कांद्यासाठी तर आपला शब्द इंग्रजीपेक्षा नेमका आहे: डेंगळे येणे. रोपं जाड झाल्यावर थंडी लांबली की कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा वर काढतो. दांडा खुडून उपयोग नसतो. मधला भाग टणक राहतो आणि असा कांदा साठवणीत टिकत नाही. पालक, कोथिंबीर फुलावर जातात त्याला कारण बहुधा उलटं, ऊन आणि मोठे दिवस.

जुन्या इंग्रजी पाककृतीत पीठ ‘बोल्ट’ करायला सांगितलं असेल तर ते चाळायचं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. बाणाशी त्याचं काही नातं नाही.