गुरुवारचं शटडाऊन आणि आरएचसीएसएचा अभ्यास

आरएचसीएसए म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरची सिस्टिम ॲडमिनची परीक्षा, आणि तिच्यातली एक अट मला फार आवडते. तुम्ही मशीनवर जे काही कराल ते मशीन रीबूट झाल्यावरही तसंच चालू दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर त्याचे मार्क गेले. कमांड बरोबर होती, दहा मिनिटं व्यवस्थित चाललं होतं, हे कोणी विचारत नाही. बाकी बऱ्याच सर्टिफिकेशनमध्ये चार पर्याय देतात आणि त्यातला एक निवडायचा असतो, इथे तसं काही नाही, तीन तास, समोर चालू मशीन, कामांची यादी, आणि ३०० पैकी २१० मिळाले तर पास. इंटरनेट नाही, नोट्स नाहीत, मशीनमध्ये असलेली मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीची पानं, काय ती आपली.

ही अट एवढी का आवडते ते सांगायचं तर आधी आमचा गुरुवार सांगायला लागेल.

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. महावितरणची देखभालीची कामं पण आमच्याकडे जास्त करून गुरुवारीच निघतात, आणि आमचे इलेक्ट्रिकलवाले पण पॅनेलचं नाहीतर जनरेटरचं काही काम असलं की तोच दिवस धरतात, त्यामुळे मधूनमधून बुधवारी सेकंड शिफ्ट सुटली की अख्खी सर्व्हर रूम खाली आणायची आणि शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट लागायच्या आत परत उभी करायची असा कार्यक्रम असतो. बंद करताना आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, सगळ्यात शेवटी स्टोरेज. चालू करताना बरोबर उलटं, आधी स्विच, मग स्टोरेज, मग डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) कारण डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सोय, त्याच्यावरच आहे आणि तो उठला नाही तर बाकीचे एकमेकांना शोधत बसतात, मग डेटाबेस आणि मग ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर. हा क्रम मी कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय, मी रजेवर असलो तरी दुसऱ्याला करता यावं म्हणून.

आणि मग शुक्रवारी सकाळी कळतं की कोणाचं काम पक्कं होतं आणि कोणाचं तात्पुरतं.

एक किस्सा सांगतो. डिस्पॅचला प्रत्येक बॉक्सवर बारकोडचं लेबल लागतं, लेबल नसेल तर कस्टमर माल उतरवूनच घेत नाही. ईआरपीकडून लेबल प्रिंटरकडे डेटा पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो बसवला होता बाहेरच्या एका व्हेंडरने, माझ्याही आधी. शटडाऊननंतरच्या शुक्रवारी सगळं वर आलं, ईआरपी उघडतंय, प्रिंटर पिंग होतोय, पण लेबल काही निघेना. डॉकला ट्रक लागलेला, ड्रायव्हर खाली उतरून उभा, आणि स्टोअरचे काका फोनवर, "अरे बाळा, नेट गेलंय का रे?" आमच्याकडे काहीही बंद पडलं की नेटच जातं. बघितलं तर तो प्रोग्रॅम चालूच नव्हता. व्हेंडरच्या माणसाने तेव्हा तो टर्मिनलमधून हाताने सुरू करून दिला होता आणि निघून गेला होता, सर्व्हिस म्हणून त्याची कुठे नोंदच नाही. मधल्या काळात सर्व्हर बंद करायची वेळच आली नसणार म्हणून कोणाला कळलंही नाही.

तेव्हा हाताने सुरू करून ट्रक सोडला. पण त्याच दुपारी बसून त्याची सिस्टिमडी युनिट फाइल लिहिली (सिस्टिमडी म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा), नेटवर्क पूर्ण वर आल्याशिवाय सुरू होऊ नको, मध्येच पडलास तर परत उठ, आणि बूट झाल्यावर आपोआप चालू हो. दहा-बारा ओळींची फाइल. मग सिस्टिमसीटीएल इनेबल, म्हणजे बूटला ती सुरू करायची नोंद. मग दुसऱ्या दिवशी लंच टाइमला डिस्पॅचला सांगून तो सर्व्हर मुद्दाम रीबूट केला आणि काकांना म्हणलं, एक लेबल काढून बघा. निघालं. काकांना त्यातलं काय झालं ते समजायची गरज नाही, पण तेव्हापासून शुक्रवारी सकाळी त्यांचा ह्या कारणासाठी फोन आलेला नाही, आणि मला विचाराल तर आमच्या कामाचं मोजमाप हेच.

परीक्षेत पण अगदी हेच बघतात. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला पण पर्मनंट लावायचं राहिलं, गेला. आयपी कमांडने नेटवर्कचा रूट, म्हणजे मार्ग, टाकला आणि एनएमसीएलआय ह्या नेटवर्क सेटिंगच्या कमांडमधून कनेक्शनमध्ये लिहिला नाही, गेला. सर्व्हिस स्टार्ट केली, इनेबल केली नाही, गेली. अभ्यासाला लागल्यापासून मी ऑफिसमध्येही प्रत्येक बदलानंतर स्वतःला हाच प्रश्न विचारायला लागलोय की आत्ता लाइट गेली तर ह्यातलं काय उरेल.

ह्या अभ्यासाच्या मागे लागायचं कारण म्हणजे सेंटओएस, रेड हॅटच्याच लिनक्सचं फुकट मिळणारं रूप. आमचा ईआरपीचा डेटाबेस सेंटओएस ७ वर होता. सेंटओएस ८ तर २०२१ च्या डिसेंबरअखेर बंदच केलं त्यांनी, आणि ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. म्हणजे हलणं भागच होतं. आम्ही त्याच जातीच्या रॉकी लिनक्स ९ वर गेलो. आणि तिथे गेल्यावर जाणवलं की ७ मध्ये हाताला सवय झालेल्या कितीतरी गोष्टी जागेवर नाहीत, नेटवर्कच्या त्या जुन्या आयएफसीएफजी फाइल्स शोधायला गेलं तर आता कनेक्शन नेटवर्कमॅनेजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कीफाइल म्हणून बसतात, फाइल उघडून एडिट करण्यापेक्षा एनएमसीएलआयने बोलायचं. काम निभावलं, पण ठरवलं की आता हे तुकड्यातुकड्याने गूगल करत शिकायचं नाही, एकदा सलग शिकायचं, आणि सलग शिकायचं तर समोर परीक्षा पाहिजे.

अभ्यास होतो तो पहाटे. कंपनीची बस निगडीहून, आणि चाकणचं ट्रॅफिक ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको की त्या बसमध्ये किती वाचन होऊ शकतं. पण बसमध्ये फक्त वाचता येतं, आणि हा विषय वाचून येत नाही हो, बोटांनाच यायला लागतो. म्हणून घरी जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन टाकल्यात, एक सर्व्हर एक क्लायंट. खरं रेड हॅटच पाहिजे असेल तर डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, एका माणसाला १६ सिस्टिमपर्यंत, स्वतः शिकायला त्याच्या पलीकडे काही लागत नाही.

एफएसटॅब, म्हणजे बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल, तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला आनंद आहे. नवीन डिस्क लावली, एलव्हीएमने तिचे भाग पाडले, एक्सएफएस फॉरमॅट केलं, आता ती बूटला आपोआप माउंट व्हावी, म्हणजे जोडली जावी, म्हणून त्या फाइलमध्ये एक ओळ टाकायची. ह्या एका ओळीत यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकलं तर पुढच्या बूटला मशीन थोडा वेळ त्या डिस्कची वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिन यूजरचा, पासवर्ड मागत उभं राहतं. परीक्षेत असं झालं आणि सोडवता आलं नाही तर त्या मशीनवरची बाकीची सगळी बरोबर कामं पण त्याच्याबरोबर गेली. म्हणून ओळ लिहिली की रीबूटच्या आधी फाइंडमाउंटला व्हेरिफाय सांगायचं, तो फाइल वाचून चूक दाखवतो, मग माउंट हायफन ए, म्हणजे यादीतलं सगळं आत्ताच जोडून बघायचं, आणि ते निमूट झालं तरच रीबूट. लॅबमध्ये मी मुद्दाम ओळ बिघडवून मशीन पाडतो आणि इमर्जन्सी मोडमधून बाहेर यायची प्रॅक्टिस करतो, हे सगळ्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ती काळी स्क्रीन पहिल्यांदा परीक्षेत किंवा प्रॉडक्शनला बघायची वेळ येऊ नये.

दुसरा विषय एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ह्यावर लिनक्समध्ये असलेला जादा पहारा. ह्याच्याबद्दल लोक फार वाईट बोलतात. नेटवर कुठलाही एरर शोधा, पहिलं उत्तर असतं बंद करून टाका. आणि व्हेंडरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये पण पहिल्याच पानावर तेच. मला ते पटत नाही. समजा अपाचे हा वेबसर्व्हर ८० ऐवजी ८२ पोर्टवर चालवायचाय. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलला, सर्व्हिस स्टार्ट केली तर परमिशन डिनाइड म्हणून पडते, रूट असूनही. का तर वेबसर्व्हरने कुठल्या पोर्टवर बसायचं ह्याची एसईलिनक्सकडे यादी आहे आणि ८२ त्यात नाही. सेमॅनेज पोर्ट ह्या कमांडने ८२ ला एचटीटीपी पोर्टचा टाइप दिला की झालं, एक ओळ. आणि ती ओळ पाठ करायची पण गरज नाही, सेमॅनेज पोर्टच्या मॅन पेजच्या शेवटी अपाचेचंच उदाहरण आहे, पोर्टचा नंबर बदलायचा फक्त. हे कळल्यावर मला मॅन पेजेसबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला, आधी मी ती वरून वाचायचो आणि ऑप्शनच्या गर्दीत हरवायचो, आता आधी तळाला जातो.

रूटचा पासवर्ड रीसेट करतानाही हाच एसईलिनक्स मध्ये येतो. ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या मेनूत, कर्नलच्या ओळीत बदल करून आत शिरलात, पासवर्ड बदललात, पण ऑटोरीलेबलची ती रिकामी फाइल सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवली नाहीत तर पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलचं एसईलिनक्सचं लेबल बिघडलेलं राहतं आणि नवीन पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

आता क्रोनीचं, म्हणजे सर्व्हरचं घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचं. सिलॅबसमध्ये हा विषय इतका छोटा की लोक दोन मिनिटांत पुढे जातात, कॉन्फिगमध्ये सर्व्हरचं नाव टाका, रीस्टार्ट करा, संपलं. पण कारखान्यात वेळ ही फार मोठी गोष्ट आहे. शटडाऊननंतर लाइनवरचे जुने पीसी चालू करा, ज्यांचा मदरबोर्डवरचा सेल मेलाय ते कुठल्यातरी जुन्याच सालात उठतात. मग ई-वे बिलाची साइट सर्टिफिकेट चुकीचं म्हणते, आणि डोमेनमध्ये वेळेचा फरक पाच मिनिटांपेक्षा जास्त झाला की केर्बेरॉस, म्हणजे लॉगिन तपासणारी पद्धत, ऐकत नाही, लॉगिनच अडतं. ऑपरेटर म्हणतो साहेब पासवर्ड घेत नाहीये, आणि पासवर्डचा काही संबंधच नसतो. माझ्या ड्रॉवरमध्ये सीआर २०३२ सेलची पट्टी कायम असते. त्यात सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवलेली पाहिजेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. सर्व्हरची घड्याळंच वेगवेगळी असतील तर लॉग १८० दिवस ठेवून तरी काय उपयोग, कुठली गोष्ट आधी झाली तेच सांगता येणार नाही.

पासवर्डवरून आठवलं, विंडोजच्या बाजूचं पण थोडं सांगतो कारण दिवसातला निम्मा वेळ तिथेच जातो. पासवर्ड बदलायची मुदत संपली की अकाउंट लॉक झाल्याचे फोन सुरू. अनलॉक करून दिलं, पाच मिनिटांनी परत लॉक, तो बिचारा शपथेवर सांगतो की मी चुकीचा टाकलाच नाही. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७४० उघडला की कुठल्या मशीनवरून लॉक झालं त्याचं नाव मिळतं. ते नाव त्याच्या पीसीचं नसेल तर बहुतेक वेळा खिशातला मोबाइल, कंपनीच्या मेलला नाहीतर वायफायला जुना पासवर्ड सेव्ह करून बसलेला आणि दर थोड्या वेळाने तोच पाठवणारा. ह्याला सर्टिफिकेशन लागत नाही, पण लॉग वाचायची सवय लागते, आणि ती सवय दोन्हीकडे एकच आहे.

डम्प्सबद्दल एकदा स्पष्ट लिहितो कारण बरेच ज्युनियर विचारतात. परीक्षेतले प्रश्न म्हणून टेलिग्रामवर पीडीएफ फिरतात, पैसे घेऊन विकतात पण. घेऊ नका. एकतर ते नियमाविरुद्ध आहे, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट जातं. आणि समजा पास झालातही, तीन वर्षांचं सर्टिफिकेट हातात आलं, नोकरी लागली, आणि एका शुक्रवारी सकाळी स्टोरेज वर येत नाहीये, प्लांट हेड मागे उभे आहेत, तेव्हा त्या पीडीएफमधलं काय आठवणार? त्यापेक्षा रेड हॅटने सिलॅबसचे सगळे मुद्दे साइटवर उघडे ठेवलेत, ते घ्या, प्रत्येक मुद्द्यासाठी स्वतःच एक काम बनवा, करा, रीबूट करा, तपासा. हळू होतं, पण जे होतं ते तुमचं असतं.

सध्या माझं पॉडमन चाललंय, म्हणजे कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या फाइल्ससकट वेगळा बांधलेला प्रोग्रॅम) चालवायचं साधन. साध्या यूजरने कंटेनर चालवायचा आणि तो सर्व्हिस म्हणून बूटला आपोआप उठायला हवा. इथे एक बारीक गोष्ट आहे, यूजरच्या सर्व्हिसेस एरवी तो लॉगिन झाल्यावरच सुरू होतात आणि त्याचं शेवटचं सेशन संपलं की बंद, म्हणून त्या यूजरसाठी लॉगिनसीटीएलमधून लिंगर इनेबल करावं लागतं. युनिट इनेबल केलं, सगळं हिरवं दिसतंय, रीबूट केलं आणि कंटेनर गायब असं होत असेल तर नव्वद टक्के हेच.

ऑटोएफएस, म्हणजे लागेल तेव्हा नेटवर्कवरचं फोल्डर आपोआप जोडणं, अजून बाकी आहे, इनडायरेक्ट मॅप जमतो पण होम डिरेक्टरीसाठी तो चांदणी (*) आणि अँडवाला (&) वाइल्डकार्ड वेगाने लिहिता येत नाही. निगडी, चिंचवड, तळेगाव ह्या बाजूचं कोणी तयारी करत असेल आणि गुरुवारी मोकळं असेल तर कळवा, माझ्याकडे दोन मशीनची लॅब तयार आहे, एकाने बिघडवायचं आणि दुसऱ्याने घड्याळ लावून दुरुस्त करायचं असं करू. शटडाऊनचा गुरुवार असला तर मात्र मी कंपनीत सापडेन.