रोहित बघून दुपारी परत फिरू नका: भिगवणच्या भोरड्या

उजनी धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या भिगवणला जाणारे बहुतेक जण पहाटे पुणं सोडतात, होडीतून रोहित (फ्लेमिंगो) बघतात, चिलापी माशाचं ताट हाणतात आणि दुपारी परतीला लागतात. आम्ही यंदा जानेवारीत उलटं केलं. घरून जेवूनच निघालो आणि चारच्या सुमारास कुंभारगावच्या बाजूला पोचलो, ते फक्त भोरड्यांसाठी.

भोरडी साळुंकीच्या कुळातली. डोकं, पंख, शेपूट काळं, अंग गुलाबी, डोक्यावर शेंडी. हिवाळ्यात मात्र हा गुलाबी मळकटच दिसतो. पिसांच्या फिक्या कडा झिजत जातात तसा रंग उघडा पडतो, म्हणून मार्चमधली भोरडी जानेवारीतल्यापेक्षा देखणी. वीण मध्य आशियात, टोळांवर ताव मारत. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरायला यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात. आपल्याकडे त्या पावसाळा सरता सरता येतात आणि एप्रिलच्या आसपास जातात.

इथल्या शेतकऱ्याला त्यांचं एवढं कौतुक नाही, आणि का नाही ते ज्वारीच्या बांधावर उभं राहिलं की कळतं. दाणा चिकात असताना थवा उतरला, की कणसाचा एका बाजूचा भाग नुसता भुसा होतो. माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, “हिकडनं हाकलली की तिकडनं उतरत्यात. दिवसभर हात दुखतोय बघा.” हरभऱ्यातली घाटेअळीही याच भोरड्या टिपतात, पण ते काम गुपचूप होतं, ज्वारीचं नुकसान डोळ्यांवर येतं.

रातथारा, म्हणजे थव्याची रात्री झोपायची जागा, शोधायची युक्ती सोपी आहे. पाचनंतर एका जागी थांबून आकाशात बघत राहायचं. लहान लहान टोळ्या एकाच दिशेनं जाताना दिसतात. दोन ठिकाणांहून दिशा बघितली की जागा सापडते. साधारण पाण्याकडेची वेड्या बाभळीची झाडी किंवा पाणकणसाचं बेट असतं. जागा दरवर्षी तीच राहील असं नाही, म्हणून जुन्या लोकेशनवर विसंबू नका, गावात विचारा. मासेमारी करणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं.

जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. खरा खेळ त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात. टोळ्या एकमेकींत मिसळत गेल्या आणि घोंगडं झटकावं तसा अख्खा थवा वळला. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांची सळसळ स्पष्ट ऐकू आली. तेवढ्यात एक दलदली भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, खालून आला आणि थवा आवळून काळाकुट्ट झाला, मग एकदम विस्कटला. रोममध्ये भोरडीच्या युरोपीय भाऊबंदांवर झालेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. पुढारी कुणीच नाही. हे माहीत असूनही मी मूर्खासारखा थव्याचं टोक शोधत होतो. शेवटी सगळा थवा बाभळीत ओतला गेला आणि जो कलकलाट सुरू झाला, त्यात शेजारच्याशी बोलणं मुश्कील.

आता कामाचं. मावळता सूर्य आणि तुम्ही यांच्यामध्ये रातथारा येईल असे उभे राहा, थव्याची आकृती उठून दिसते. मोठ्या टेलीलेन्सचा मोह नको. थवा फ्रेममध्ये मावत नाही. साधी वाइड लेन्स किंवा मोबाइलचा व्हिडिओ जास्त कामाचा. दुर्बीण मात्र हवीच, भोवत्या आणि ससाणा तिच्यातूनच सापडतात. टोपी घाला, कारण सांगायला नको. बाभळीपासून निदान शंभरेक मीटर लांब राहा. ड्रोन, गाडीचे दिवे, टाळ्या वाजवून थवा उठवणं, हे करणाऱ्यांबरोबर जाऊच नका. झोपायला आलेला पक्षी पुन्हा उडवला की त्याची रात्रीची ताकद खर्च होते. बांधावरूनच चाला, हरभरा तुडवू नका, आणि आधी विचारा. विचारलंत तर हुरड्याचं आमंत्रणही मिळतं, आम्हाला मिळालं.

परतीचं जरा गांभीर्यानं घ्या. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. आतल्या रस्त्यांवर अंधारात त्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात. रात्र कुंभारगावात घरगुती मुक्कामाला काढलीत तर उत्तम. सकाळी उजाडायच्या आत त्याच जागी या. भोरड्या उठून रानाकडे निघतात, आणि रोहित बघायला त्यानंतरही वेळ उरतो.