मेन पाडला आणि शेजारची मोटर थांबली

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून काकूंचा फोन आला. महिनाभर लेकीकडे पुण्याला होत्या, घराला कुलूप, फ्रिजसुद्धा बंद. तरी बिल ११० युनिटचं. त्यात १०० च्या पुढचं युनिट महागाचं. तक्रार केली तेव्हा वीज कंपनीची माणसं अ‍ॅक्युचेक (मीटर बरोबर मोजतंय का ते बघायचं यंत्र) लावून मीटर तपासून गेली. मीटर ओके. "नवीन मीटर पळतंच," असं गल्लीतल्या सगळ्यांचं मत.

वायरमनकीत इतकी वर्षं काढल्यावर मला हे वाक्य रोजच ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा जुना फ्रिज नाहीतर चालू राहिलेला गिझर निघतो. इथे घरच बंद होतं.

मीटरवर छापलेलं होतं, ३२०० इम्पल्सला एक युनिट. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की हजार वॅटचं उपकरण तासभर चालवल्याइतकी वीज मोजली गेली. घरातली सगळी बटणं, एमसीबी बंद केले. दिवा शांत. काकूंनी चहा टाकला (गॅसवर, सांगायला हवं). तेवढ्यात दिवा लुकलुकायला लागला. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ४०. हिशेबाने ७५० वॅट. बंद घरात!

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखं पकडून करंट मोजायचं) फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला लावलं, शून्य. न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला लावलं, साडेतीन अँपिअर. मग उलगडलं. आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. कोणी दोनपैकी एका वायरीचा करंट मीटरबाहेरून फिरवला तरी चोरी पकडली जावी, म्हणून ही सोय. काकूंच्या न्यूट्रलमधून कुणाचा तरी करंट परत जात होता.

मेन पाडला. एमसीबीने फक्त फेज तुटली होती, मेनने न्यूट्रलही तुटली. भिंतीपलीकडून लगेच आवाज, "काकू, तुमच्याकडे लाईट आहे का? मोटर बंद पडली!" मेन चढवला, मोटर घुरघुरली. पुन्हा पाडला, पुन्हा ओरड.

शेजारी त्यांचा पुतण्या. वाड्याची वाटणी झाली तेव्हा कुणा वायरमनने मोटरला आणि वरच्या गिझरला फेज पुतण्याच्या मीटरवरून दिली आणि न्यूट्रल मात्र मधल्या भिंतीतल्या जवळच्या बोर्डातून उचलली. वायर वाचवली असणार. जुन्या चकतीच्या मीटरात करंटचं वेटोळं फक्त फेजमध्ये, त्यामुळे वर्षानुवर्षं काही दिसलं नाही. मीटर बदललं आणि बिल फुगलं. शिव्या मीटरला बसल्या.

पण मला घाम फुटला तो बिलामुळे नाही. मेन पाडलेला असताना सहज काकूंच्या बोर्डातल्या न्यूट्रलला टेस्टर लावला, तर तो पेटला. पलीकडची फेज मोटरमधून फिरून इथे येऊन थांबली होती. "मेन बंद आहे" म्हणून कुणी ती वायर हातात धरली असती, तर काय झालं असतं ते सांगायला नको. आमच्या धंद्यातली माणसं अशीच जातात.

दुपारभर खपून पुतण्याच्या मीटरपासून वेगळी न्यूट्रल ओढली. नंतर जातो तेवढाच करंट परत येतोय का ते बघायला काकूंच्या फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या. शून्य.

पुतण्या हिरमुसला. "म्हणजे आता माझं बिल वाढणार?"

"नाही. तुमच्या मीटरने फेजवर पूर्ण मोजलंय आधीपासून. तेच युनिट काकूंच्याही मीटरवर पडत होतं."

"म्हणजे एका विजेचे दोनदा पैसे?" काकू म्हणाल्या आणि जुनी बिलं काढायला आत गेल्या. मी क्लॅम्पच्या आकड्यांचे फोटो त्यांना पाठवले, वायरिंगचा कच्चा नकाशा काढून दिला. अर्जात दोन्ही ग्राहक क्रमांक घाला, म्हटलं. मीटरचा दोष नाही, त्यामुळे पैसे परत मिळतीलच असं मी काही बोललो नाही. पुतण्या तोवर पाकीट काढून विचारत होता, माझी मजुरी दोघांत वाटायची की त्याच्या एकट्याच्या नावावर.

"तुझ्याच," आतून आवाज आला.