लोटे सोडून प्रॅक्टिसमध्ये

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

आज जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस. सकाळपासून फोन हातातून सुटला नाही. कुणी बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, कुणी पिशवीभर बिलं आणून टेबलावर ठेवली आणि ‘ताई, सांजच्याला येतो’ म्हणून निघून गेलं. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी सीए म्हणून नोकरीला होते तेव्हा अकरा तारखेला माझ्यापुढे एकाच कंपनीचा डेटा असायचा, तोही सिस्टिममधून निघालेला, जुळलेला. चिपळुणातल्या सीए फर्मच्या या ऑफिसात अकरा तारीख म्हणजे अख्खी बाजारपेठ.

पण काम जास्त झालं याबद्दल मला लिहायचं नाही. कारखान्यातही मार्चअखेर रात्री दहापर्यंत बसलेय. बदललंय ते वेगळंच. तिथे मी उत्तरं देणारी होते. महिनाअखेरचं क्लोजिंग, प्रोव्हिजन, कॉस्ट शीट, हेड ऑफिसला जाणारा एमआयएस अहवाल हे सगळं करायचं आणि वर्षातून काही दिवस ऑडिटर आले की ते मागतील तेवढे कागद काढून द्यायचे. त्यांनी न विचारलेलं आपण होऊन सांगायचं नाही, असा आमच्या खात्याचा शिरस्ता होता आणि मला तो कधी खटकला नाही. आता विचारायची पाळी माझी. आणि ज्यांना विचारायचं ती माणसं मला लहानपणापासून ओळखतात.

बुधवार

बाजारपेठेतले एक व्यापारी आले. २०२१-२२ सालासाठी जीएसटीची नोटीस आहे. त्या वर्षाचे आदेश काढायची विभागाची साधारण मुदत या डिसेंबरअखेर संपते, म्हणून अशा नोटिसा आता एकामागून एक येताहेत. चिपळूणकराला २०२१-२२ म्हटलं की एकच तारीख आठवते, २२ जुलै. वाशिष्ठीचं पाणी दुकानांत शिरलं, कुठे पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. २००५ च्या २६ जुलैचा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणत होती की असं पाणी पाहिलं नव्हतं.

कायदा असा आहे : माल नष्ट झाला तर त्या मालाच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत करावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५), त्यातला ‘एच’ खंड. परीक्षेसाठी हे कलम मी पाठ केलं होतं. चोरी, नाश, फुकट वाटलेले नमुने, सगळं एका ओळीत. त्या ओळीचा अर्थ आज समोरच्या खुर्चीत बसला होता. माल गेला, फर्निचर गेलं, वह्या चिखलात गेल्या, आणि आता त्या गेलेल्या मालावरचा करही व्याजासकट भरा. त्यांनी विचारलं, ‘हे बरोबर आहे का हो?’ मी म्हटलं, कायद्याने बरोबर आहे. मनाला अजिबात पटत नाही, हेही सांगितलं. नैसर्गिक आपत्तीसाठी तरी यात वेगळी वाट असायला हवी, असं माझं मत आहे आणि ते मी कुठेही मांडेन.

पण किती माल गेला, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे आपल्याला काम करता येतं. विभागाने अंदाजाने मोठा आकडा धरलाय. वह्या नाहीत, पण खरेदी जीएसटीच्या पोर्टलवर आहे, कारण पुरवठादारांनी भरलेली विवरणपत्रं पाण्यात गेली नाहीत. मार्च २०२१ अखेरचा साठा त्या वर्षीच्या बॅलन्स शीटमध्ये आहे. २१ जुलैपर्यंतची विक्री त्यांच्याच जीएसटीआर-१ मध्ये आहे. साठ्यात खरेदी मिळवायची, विक्रीतून नेहमीचा नफा काढून मूळ किमतीची विक्री वजा करायची, की २१ जुलैच्या रात्री दुकानात किती माल होता ते निघतं. मग विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल आणि पंचनामा शेजारी ठेवून बघायचं. जो माल धुऊन पुसून स्वस्तात विकला तो नष्ट झालेला नाही, त्याचं क्रेडिट परत करायची गरज नाही. दुपारभर हेच करत बसले. कारखान्यात दर महिन्याला साठ्याचा ताळा करून हाताला जे वळण लागलं होतं, ते इथे थेट उपयोगी पडलं.

इंडस्ट्रीतली वर्षं प्रॅक्टिसमध्ये शून्य धरली जातात, असं मला पुष्कळांनी बजावलं होतं. मला ते मुळीच मान्य नाही. त्याचा आणखी मोठा पुरावा उद्याच्या फाइलमध्ये आहे.

गुरुवार

काजू प्रक्रियेचा एक कारखाना. नाव-गाव लिहीत नाही. अशिलाची गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, आणि रोजनिशीही त्याला अपवाद नाही.

चार किलो काजू बीमागे साधारण एक किलो गर निघतो. बी कुठली, किती वाळलेली यावर थोडं इकडेतिकडे होतं. या वह्यांत मात्र तीन किलोहून कमी बीमध्ये किलोभर गर निघत होता. बिलं सगळी जागेवर, बँकेचा मेळ जमलेला, बेरजा बरोबर. नुसती व्हाउचरं तपासली असती तर फाइल पुढे सरकली असती. पण मी इतकी वर्षं कच्चा माल आत किती आला आणि पक्का माल बाहेर किती गेला हेच पाहत आले. उताऱ्याचा, म्हणजे किती बीमागे किती गर निघाला त्याचा, आकडा खोटं बोलला की मला तो लगेच दिसतो. गर विकला गेलाय, म्हणजे बी आलेली आहे. मग ती वहीत का नाही?

कारण उघड आहे. टरफलासकट काजू नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून घेतला तर त्यावरचा जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असतो, रिव्हर्स चार्जने, ५ टक्के. एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर पाट्या घेऊन बी दारात आणतात, रोख पैसे मोजून ती घेतली जाते आणि नोंद राहून जाते. भरलेल्या कराचं क्रेडिट बहुधा मिळतंही, पण आधी भरावा लागतो, आणि ऐन हंगामात हातात पैसा नसतो.

मालकांना विचारायला गेले. त्यांचे वडील आणि माझे आजोबा एकाच आळीतले. त्यांनी आधी चहा मागवला, मग आईची तब्येत विचारली, मग म्हणाले, ‘तू आमच्यातली, तुला काय सांगायचं.’ या वाक्यानंतर प्रश्न विचारणं फार जड जातं. मी तरीही विचारला. उताऱ्याचा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, काका, ही बी कुठून आली ते मला दाखवा, नाहीतर मला हे अहवालात लिहावं लागेल. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग आतून एक लांबट वही आली. तारीख, वजन, पैसे, सगळं टिपलेलं. आता खरेदीची नोंद होईल, कर व्याजासकट भरला जाईल, आणि मग मी सही करेन. त्या सहीवर माझा सभासद क्रमांक असतो आणि अठरा अक्षर-अंकांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. बँकेत बसलेला कुणीही तो यूडीआयएनच्या पोर्टलवर टाकून सही खरी आहे का ते पाहू शकतो.

मला वाटतं, काकांना मी मान दिला तो प्रश्न विचारून. ‘आमच्यातली’ म्हणून गप्प बसले असते तर उद्या कर्ज देताना बँकेनेच तोच उतारा मांडला असता.

शनिवार

हर्णैला गेले. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीची बंदी उठली आहे, पण वाऱ्यामुळे काही बोटी अजून किनाऱ्यालाच आहेत. एका बोटमालकाचं विवरणपत्र करायचंय. त्याची आई पडवीत बसली होती. तिने सरळ विचारलं, ‘बाय, आंबेवाल्याला ट्याक्स नाय, मग आमाला का?’

प्रश्न रास्त आहे. शेतीच्या उत्पन्नाची कायद्यातली व्याख्या जमिनीवर उभी आहे. आंब्याच्या झाडाखाली जमीन आहे, म्हणून आंबा विकलेला पैसा करमुक्त. जाळ्याखाली समुद्र आहे, म्हणून मासळीचा पैसा धंद्याचा. डिझेल, बर्फ, जाळी, तांडेल-खलाशांचा वाटा वजा जाऊन मालकाला काय उरतं ते हंगामावर असतं, पण अंदाजित पद्धत घेतली तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरावा लागतो. त्याहून कमी दाखवायचा तर वह्या हव्यात. म्हणून मुलाला सांगितलं, लिलावाचे पैसे जमतील तेवढे बँकेतून घे आणि डिझेलची एक पावतीही टाकून देऊ नकोस. आजीचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही.

रविवार

एका पतसंस्थेचे अध्यक्ष घरी येऊन गेले. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा, तिथे लेखापरीक्षक नेमायचा. आमच्या फर्मचं नाव ठरावात घालू का, म्हणून विचारत होते. फर्मचे प्रमुख, आमचे सर, लेखापरीक्षकांच्या पॅनेलवर आहेत, फी चांगली आहे. पण संचालक मंडळावर माझा सख्खा मामा आहे. सरांना फोन केला. त्यांनी एका शब्दात नाही म्हटलं आणि मला ते ऐकायचंच होतं. मामाचा फोन अजून आलेला नाही. गणपतीत त्यांच्याकडे जायचंच आहे, तेव्हा समोर बसून सांगेन.

संध्याकाळी लोट्यातल्या जुन्या सहकारी मुलीचा फोन. तिलाही प्रॅक्टिसमध्ये यायचंय. तिला सांगितलं ते इथे टिपून ठेवते. पूर्ण वेळची नोकरी सांभाळून ऑडिटवर सही करता येत नाही. नोकरी सोड, मग सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे स्वतंत्र काम करायचा परवाना, घे. हवी तशी जाहिरात करता येत नाही, काम मागायला जाता येत नाही, म्हणून पहिली वर्षं कुणा जुन्या माणसाच्या फर्ममध्ये काढ. दुसऱ्याच्या हातातलं ऑडिट तुझ्याकडे आलं तर आधी त्याला लेखी कळव. सुरुवातीला आर्टिकल, म्हणजे हाताखालचा शिकाऊ, एकच मिळतो, तेव्हा पिशवीतली बिलं तुलाच लावावी लागतील. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट असतं, शिमग्याची सुट्टी झाली की घरचं काही ठरवू नकोस. एक तारखेला पगार जमा होणार नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून ठेव आणि मगच राजीनामा लिही. तिने विचारलं, परत जावंसं वाटतं का? मी म्हटलं, नाही.