पांगुळगाडा अजून पळतोय

सगळ्या लाकडी खेळण्यांत मला पांगुळगाडा सगळ्यात जास्त आवडतो. भोवरा आहे, विटीदांडू आहे, भातुकली आहे, ठकी आहे, सगळीच भारी, पण मूल पहिल्यांदा ज्याला धरून उभं राहतं ते खेळणं म्हणजे हेच. पुढे एक चाक, मागे दोन, वर धरायला आडवी दांडी, बास. ना सेल, ना लाईट, ना गाणी.

आमचा गाडा आईच्या माहेरचा, कोरेगाव तालुक्यातला. तेव्हा गावात बलुतं चालायचं, सुगीला सुताराला धान्य द्यायचं आणि वर्षभर नांगर-कुळवाचं काम तो बघायचा, त्यातच उरलेल्या बाभळीच्या तुकड्यांतून त्यानं थोरल्या मामासाठी हा गाडा करून दिला. मामानंतर मावशी, मग आई, मग आम्ही भावंडं, मग आमची पोरं, आणि यंदा भाचीचा मुलगा इथे साताऱ्यात आमच्या हॉलमधून तोच गाडा ढकलत फिरतोय. आजीला आता नीट दिसत नाही, पण चाकांची कुरकुर ऐकून ती आतूनच सांगते, बाळ दाराकडं चाललंय गं, बघा जरा.

लोक विचारतात वॉकर का नाही घेतला. तर झोळीत बसायच्या वॉकरमध्ये मूल स्वतःचा तोल सांभाळतच नाही, लोंबकळत चवड्यांनी जमीन ढकलतं, शिवाय तो इतका सुसाट जातो की जिन्यावरून पडायची भीती, कॅनडाने तर २००४ मध्ये असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. गाड्याचं तसं नाही, त्याला धरून उभं राहायचं तर सगळं वजन स्वतःच्याच पायावर घ्यावं लागतं. गाड्यामुळे मूल लवकर चालतं असं मी म्हणणार नाही, ते त्याच्या वेळेलाच चालतं, आणि पायऱ्यांपाशी लक्ष तर इथेही ठेवावंच लागतं. पण मला त्यातली अजून एक गोष्ट फार आवडते, गाडा आपोआप वळत नाही. भिंतीला जाऊन अडतो. मग बाळ आधी रडतं, मग आपल्याकडे बघतं, आणि काही दिवसांनी गपचूप स्वतःच पुढचं चाक उचलून गाडा फिरवून घेतं!! तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला सगळं घर गोळा होतं.

आणि हे सगळं इतकी वर्षं चाललंय ते गाडा दुरुस्त होतो म्हणून. यंदा काढला तर मागचा आख झिजलेला, एक चाक लडबडत होतं. ओळखीच्या मिस्त्रींकडे नेला, ते आता दिवसभर प्लायवूड आणि सनमायकाचीच कामं करतात, गाडा हातात घेतल्यावर किती वेळ नुसते फिरवून बघत बसले. म्हणाले, "ताई, लाकूड ठणठणीत हाय, आख तेवढा नवा घालू." नवा आख, खुंट्या नव्या, एका दुपारचं काम, पैसे घ्यायला तयार नव्हते पण आम्ही दिलेच.

रंगाचं मात्र नीट बघा हं. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं, घरगुती रंगांमधल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली तीच २०१७ पासून, आणि दात येणारं मूल दांडी चावणारच. सुका रंग घासला की धूळ उडते, म्हणून आम्ही मूल घरात नसताना, अंगणात, लाकूड ओलं करून पॉलिश पेपर मारला आणि सगळं पुसून धुऊन काढलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना असते तशी लाख लावावी असंही मनात आलं होतं. तिथे लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. पण ते गोल कामाला, आमचा गाडा सगळा चौकोनी. शेवटी नुसतं जवसाचं कच्चं तेल पातळ लावून चांगलं वाळवलं, तर बाभळीचा असा लालसर रंग वर आला की आई म्हणाली, मी तर हा कधी बघितलाच नव्हता, आमच्या वेळी हिरवा होता.

नवीन काही द्यायचं असेल तर सावंतवाडीची चितारआळी आहेच, लाकडी फळं-भाज्या तर अशा रंगवलेल्या असतात की खऱ्या वाटाव्यात, आणि मोठ्या पोरांना सरळ भोवरा द्या, सोबत त्याची जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळायला शिकवणारा एखादा काका किंवा आजोबा पण द्या, कारण ते मोबाईलवर बघून येत नाही, हाताला धरूनच शिकवावं लागतं.

आमचा गाडा आता दिवाळीनंतर तासगावला जाणार, मावसबहिणीच्या नातीसाठी. तिकडे फरशी गुळगुळीत आहे म्हणून चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी मारून द्यायची असं मिस्त्री म्हणालेत.