पार्सल होत नाही ते आधी खा

पुण्यात नोकरी लागली, लग्न ठरलं, बदली झाली की सोलापूरहून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. भाडं किती, डिपॉझिट किती, बस कुठून मिळते, हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "काकू, तुम्ही पण सोडून गेलात की. आता चार-सहा महिने हातात हाईत. जायच्या आधी काय काय खाऊन घेऊ? काय राहून जायला नको?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. मी हॉटेलांची नावं सांगेन अशी समोरच्याची अपेक्षा असते. मी ती सांगत नाही, त्यामुळे काही जण हिरमुसतात.

माझा हिशेब सरळ आहे. जे डब्यात बसतं ते शेवटच्या दिवसावर ढकला. जे डब्यात बसत नाही त्यासाठी हातातले महिने वापरा. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. जायच्या आधी महिनाभर चटणी, कडक भाकरी, चादरी गोळा करत नवी पेठेत फिरतात आणि ज्यासाठी अंगाने सोलापुरातच असावं लागतं ते सगळं चुकवतात.

शेंगा चटणीसाठी एकही संध्याकाळ खर्च करू नका. ती निघायच्या आदल्या दिवशी घ्या. फक्त बघून घ्या. खरी चटणी उखळात कुटलेली असते. दाणे खमंग भाजून, फोलपटं पाखडून, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ घालून कुटत राहिलं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते, तिचा हातात गोळा होतो. मिक्सरमध्ये दाणा चिरला जातो, त्याचं तिखट कूट होतं, चटणी होत नाही. दुकानात चिमूटभर मागा आणि दोन बोटांत दाबून बघा. बोट तेलकट झालं तर घ्या. कोरडा भुगा असेल तर रंग कितीही लाल असू दे, पुढचं दुकान गाठा. कडक भाकरीचंही तसंच. पातळ थापून, भाजून, पार पाणी आटेपर्यंत कडक केलेली ती भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. तिचा जन्मच प्रवासासाठी आहे. रेल्वेत मोडली तरी बिघडत नाही, कारण खाताना आमटीत चुरायचीच असते.

हुरड्याचं तसं नाही.

हुरडा म्हणजे ज्वारीचा दाणा दुधात असतानाचा थोडाच काळ. पावसाळा सरताना पेरलेली रब्बीची ज्वारी काळ्या मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते आणि डिसेंबरच्या शेवटापासून पुढे काही आठवडे कणसं हुरड्याला येतात. एकेका शेतात तर हा खेळ मोजक्या दिवसांचा. दाणा भरून टणक झाला की संपलं. मंगळवेढ्याची मालदांडी सगळ्यांना ठाऊक आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण ती भाकरीची ज्वारी. हुरड्यासाठी शेतकरी बांधाच्या कडेला सुरतीच्या किंवा गूळभेंडीच्या चार ओळी वेगळ्या लावतो. त्या ओळी बाजारासाठी नसतात, घरच्यांसाठी आणि पाव्हण्यांसाठी असतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसायचं, भाजलं की बाहेर काढून तळहातावर चोळायचं, हात पोळला तरी थांबायचं नाही. दाण्यांवर शेंगा चटणी, बाजूला गूळ, दही, बोरं. पुण्याच्या आसपासही हुरडा पार्ट्या होतात, तिकीट काढून, झोपाळ्यांसकट. मी गेले आहे. वाईट नव्हत्या. पण तिथे आगटीजवळ बसलेला माणूस तुम्हाला तुमच्या आजोबांचं नाव विचारत नाही.

आणि इथेच माझ्या उत्तरातली मुख्य गोष्ट येते. सोलापूरचं जे खाणं मागे राहतं ते बहुतेक बोलावण्याचं खाणं आहे. त्याला पैसे पुरत नाहीत, कुणीतरी "ये" म्हणावं लागतं. म्हणून मी सगळ्यांना पहिलं सांगते की जायची बातमी लवकर फोडा. हल्लीची मुलं ऑफर लेटर आलं तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाला कळू देत नाहीत. का, तर नजर लागेल, कुणी मोडता घालेल, ऐनवेळी रद्द झालं तर हसं होईल. मग एके दिवशी सामान बांधताना शेजारच्यांना कळतं आणि बिचाऱ्यांच्या हातात चहा पाजण्याइतकाच वेळ उरतो. चार महिने आधी सांगितलंत तर चार महिने जेवाल.

आमचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी पाण्याच्या दिवशी ही बातमी बोळात सांगून टाकली. पाण्याचा दिवस म्हणजे नळाला पाणी यायचा दिवस, सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. त्या दिवशी सगळ्या बायका घागरी घेऊन दारात असतात, त्यामुळे दवंडी पिटायची गरज पडत नाही. मला जरा राग आला होता. पण संध्याकाळीच शेजारच्या लिंगायत घरातल्या अक्कांनी हाक मारली. मी म्हटलं, अजून पुष्कळ महिने आहेत हो जायला. त्या म्हणाल्या, "जायलीस तर जा की. जेवायला काय हरकत हाय?" त्या घरची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार, आणि दुसऱ्या खेपेला पुंडीपल्या, म्हणजे आपली अंबाडी, लसणाच्या फोडणीची. पलीकडे पद्मशाली घर. त्यांचे चार माग दिवसभर खडखडत असायचे, त्यांच्याकडे जेवायचं तर ओरडूनच बोलावं लागे. त्यांच्याकडचं आखाडातलं मटण. आखाडात देवीला नैवेद्य झाला की सोलापुरात गल्लोगल्ली मटणाचे वास सुटतात आणि ज्याच्या घरी ते शिजत नाही त्याने आपण शाकाहारी आहोत हे आधीच जाहीर केलेलं बरं, नाहीतर डबा येतोच. ईदेला मागच्या गल्लीतून शीरखुर्मा यायचा. यातलं एकही ताट कुठल्या मेन्यूकार्डावर नाही, म्हणून त्याचा पत्ता मी तुम्हाला देऊ शकत नाही.

एका बोळात एवढी घरं कशी, असं पुण्यात लोक मला विचारतात. गिरण्यांमुळे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ची. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, हातमाग-यंत्रमाग वाढले, तेलंगणातून विणकर आले, कन्नड मुलूख तर इथे आधीपासून उंबऱ्याशी आहे. माझे आजोबा गिरणीतले. भोंग्यावर घरातलं जेवण ठरायचं, असं आई सांगते. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, पण माणसं पेठेपेठेत राहिली आणि त्यांची चूलही.

आता तुमच्यापैकी जे माहेर-सासर दोन्हीकडून बाहेरचे आहेत, बँकेत बदलीवर आलेले, त्यांचा प्रश्न निराळा असतो. "आम्हाला कोण बोलावणार?" तुम्ही बोलवा. तुमच्या गावाचं काहीतरी करून घाला. सोलापूरकर जेवणाचं ऋण अंगावर ठेवत नाही. आमच्या ऑफिसात कोकणातून आलेल्या एका मॅडमनी एका रविवारी सगळ्यांना घावन आणि नारळाचा रस खायला बोलावलं. पुढचे तीन महिने त्यांना दुपारचा डबा आणावा लागला नाही.

सकाळच्या वेळेचंही जरा मनावर घ्या. पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ या पट्ट्यात पहाटे-पहाटे इडली-वड्याच्या गाड्या लागतात, कारण मागावर जाणाऱ्याला लवकर पोटात काहीतरी लागतं. नऊच्या पुढे गेलात तर भांडी घासताना दिसतील. चुरमुऱ्याचा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेला नाश्ता, मात्र आपल्याच घरचा खा, शक्यतो आईच्या हातचा. पुण्यात तो करता येतो, पण चुरमुरे भिजवून पिळायचा नेमका अंदाज फोनवरून कळत नाही, समोर उभं राहून बघून घ्यावा लागतो. रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीत रात्री एक चक्कर मारा, गर्दीत पाय ठेवायला जागा मिळाली तर. उन्हाळ्यात काय खायचं हे मला विचारू नका, मे महिन्यात मी फक्त ताकावर जगायचे.

गड्ड्याविषयी, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेविषयी, थोडं जास्त बोलते, कारण गड्डा म्हटलं की मुलं म्हणतात, "दरवर्षी बघितलाय की." पाळण्यात बसलात, होम मैदानावर भजी-जिलेबी खाल्लीत, शोभेचं दारूकाम बघितलंत. ते सगळं जत्रेचं झालं. या वर्षी नंदीध्वजांबरोबर, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या मानाच्या काठ्यांबरोबर, चाला. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली, त्या सगळ्या लिंगांना तैलाभिषेकासाठी सातही नंदीध्वज निघतात. एकेक काठी माणसांच्या कितीतरी उंच आणि भलतीच जड. पेलणारा कमरेला पट्टा बांधतो आणि पांढऱ्या बाराबंदीतले सोबती चहूबाजूंनी सावरतात. महिनाभर आधीपासून रात्री त्याचा सराव चालतो. सातही काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. वाटेवरची घरं दारात रांगोळ्या घालून उभी असतात आणि चालणाऱ्याला पाणी, सरबत, केळी असं काही ना काही हातात ठेवतात. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" ही आरोळी ऐकून मोठी झालेली मुलं त्या मिरवणुकीत पाच मिनिटंही चाललेली नसतात, याचं मला आश्चर्य वाटतं. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती वाचली जाते आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की लाखभर हातांतून अक्षता उडतात. लग्न म्हटल्यावर सगळं शहर वऱ्हाडी. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-हरभरे-गाजरांची भाजी आणि संक्रांतीची शेंगापोळी हे सगळं त्याच गडबडीत उरकायचं असतं. पाहुण्यांनी घर भरलेलं असतं. त्या चार-पाच दिवसांत कुणाच्याही घरी अवेळी गेलात तरी जेवण मिळतं, हा माझा अनुभव आहे.

याच दिवसांत १२ जानेवारीही येते. १९३१ साली या तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. ज्या गाडीने आपण सगळे पुण्याला जातो ती हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्या नावाची. पुण्यात रूममेटने विचारलं तर एवढं तरी सांगता यायला हवं. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करण्यापलीकडे तुम्ही तिथे कधी थांबला नसाल तर त्या दिवशी थांबा.

कोजागरीची वाट बघण्याइतका मुक्काम असेल तर तुळजापूरला पायी जा. पंचेचाळीसेक किलोमीटर आहे, रात्रभर माणसांचा रस्ता असतो. चालवत नसेल तर रस्त्याकडेच्या एखाद्या मंडळाबरोबर चहा वाटायला उभे राहा. माझं मत विचाराल तर वाटणाऱ्यांना जास्त मजा येते, शिवाय पाय सुजत नाहीत. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेचा पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथही असाच, तो बघायचा तर पूर्व भागातल्या कुणाच्या तरी गच्चीवर ओळख काढा.

काही जण विचारतात, एवढं आठवतंय तर गेलात कशाला? नवऱ्याची नोकरी, मुलीचं शिक्षण, तीच सगळ्यांची कारणं. सोडल्याचं मला वाईट वाटत नाही. पाण्याच्या दिवसाची वाट बघत मी निम्मं आयुष्य काढलं, चव्वेचाळीस अंशांत दुपारी बँकेच्या रांगेत उभी राहिले, आणि आमच्या वर्गातली हुशार मुलं इथे कामच नाही म्हणून गेलेली बघितली. हे सगळं सोसून थांबा असं मी कुणालाही म्हणणार नाही. जा. फक्त जेवून जा.

राहिला प्रश्न तारखेचा, तोही नेहमी येतो. रुजू व्हायची तारीख थोडी पुढे-मागे करून मिळत असेल तर जानेवारी अजिबात घेऊ नका. डिसेंबरअखेर नोटीस पिरियड संपला म्हणून एक तारखेला पुण्यात हजर होणारी मुलं गड्डा आणि हुरडा दोन्ही घालवतात आणि मग पुढची दोन वर्षं नव्या नोकरीत त्यांना त्या आठवड्याची रजा मिळत नाही. एचआरला घरचं लग्न आहे म्हणून सांगा, अक्षता सोहळा आहे म्हटल्यावर ते खोटंही नाही. मार्चची पहिली तारीख उत्तम. तोवर हुरडा संपलेला असतो, ऊन चढायला लागलेलं असतं आणि थांबा म्हणायला कुणी फारसं धजावत नाही.