साथीदारांचं शेवटी बघू

दिवाळी पहाटेच्या तारखांची जुळवाजुळव गणपतीतच सुरू होते. फोन येतो, "नरकचतुर्दशी आणि पाडवा धरून ठेव रे." धरून ठेव म्हणजे पक्कं काहीच नाही, पण दुसऱ्या कुणाला हो म्हणायचं नाही. वसुबारस ते भाऊबीज, एवढ्याच काय त्या पहाटा. त्यातली एखादी आठ दिवस आधी "प्रायोजक मागे फिरला" म्हणून सुटली की गेलीच, कारण तोवर बाकीच्यांचे वादक ठरलेले असतात. आगाऊ रक्कम घेतलेली नसते, त्यामुळे नुकसान सगळं आपलं.

मी डोंबिवलीचा. तबला आणि ढोलकी वाजवतो. अभंग, भावगीतं, नाट्यसंगीत, जुनी सिनेमाची गाणी, जे असेल त्याला साथ करतो. कार्यक्रमाचा खर्च मांडताना आयोजकांसमोर बऱ्याचदा बसलोय. आधी सभागृहाचं भाडं. मग साउंड, लाइट, हल्ली मागे एलईडी वॉल लागतेच. मग नाव असलेला गायक, निवेदक, फराळ, शाल-श्रीफळ. आणि मग खाली उरलेल्या रकमेकडे बघत कुणीतरी म्हणतं, "साथीदारांचं शेवटी बघू." त्या उरलेल्यात तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, बासरी आणि तालवाद्यवाला. मंडपवाल्याशी अशी घासाघीस कुणी करत नाही, कारण तो सरळ नाही म्हणतो. आम्ही म्हणत नाही. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत ही भीती असते.

मागच्या मोसमातल्या एका कार्यक्रमाचे मला 3500 रुपये मिळाले, दोन रिहर्सल त्यातच. रिहर्सल ठाण्यात, कार्यक्रम दादरला. तबला-डग्गा आणि ढोलकी घेऊन संध्याकाळच्या गर्दीत लोकलला चढणं अशक्य, म्हणजे टॅक्सी आली. गायक काळी एकचा, गायिका काळी पाचची, दोघांचे सूर वेगळे, म्हणजे तबलेही किमान दोन. दमट हवेत चामडं सैलावून स्वर उतरतो, आणि एसीच्या झोताखाली बसवलं की तोच चढतो. मग निवेदक बोलत असतो तेवढ्या वेळात हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे वरखाली करून पुन्हा सुरात आणायचा. मधली काळी शाई उडाली की चाटेचा, म्हणजे कडेचा, नाद खणखणीत येत नाही, वरची चामड्याची पुडीच बदलावी लागते, आणि चांगल्या पुडीला दीड-दोन हजार जातात. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

त्यात आता ट्रॅक आले, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ. ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, 1985 च्या सुमारास आला तेव्हा ऑर्केस्ट्रातल्या तालवाद्यांच्या जागा कमी झाल्या, पण निदान तो वाजवायला माणूस लागायचा. कराओकेला तोही नको. हौशी मंडळी क्लबात जमून गातात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिकीट लावून ट्रॅकवर केलेला कार्यक्रम मला पटत नाही. गायिकेला एखादी ओळ रंगली आणि तिने ती पुन्हा घेतली, तर तिच्याकडे बघून ठेका धरून ठेवणारा कुणीतरी हवा. ट्रॅक थांबत नाही.

घर चालतं ते शिकवण्यांवर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं आहेत, म्हणून महिन्याला काही ठरलेलं येतं. कार्यक्रम असला की शिकवणी बुडते. बँकेला पगाराची चिठ्ठी लागते, ती माझ्याकडे नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाचं महिना 5000 रुपयांचं मानधन आहे, पण ते पन्नाशीनंतर. बोट दुखावलं तर पन्नाशीची वाट बघत बसायचं का? लॉकडाउनमध्ये नाट्यगृहं बंद होती तेव्हा माझ्या ओळखीच्या एका उत्तम ढोलकीवाल्याने घरोघरी पार्सलं पोचवायला सुरुवात केली. तो अजून तेच करतो. त्याच्या हाताला जो वजनदार बाज होता तो मला आजही दुसऱ्या कुणात दिसत नाही.

म्हणून यंदा फोनवर हो म्हणायचं बंद केलंय. लगेच व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवतो. तारीख धरायची तर निम्मी रक्कम आधी. रिहर्सलचे वेगळे. प्रवासखर्च वेगळा. दहा दिवसांच्या आत रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत नाही. दोघांनी पुन्हा फोनच केला नाही. पण एका मंडळाने त्याच दुपारी पैसे पाठवले आणि बासरीवाल्यालाही याच अटी लावल्या, त्याने न मागता. हा मजकूर कुणा वादकाला हवा असेल तर कळवा, पाठवतो. पाचही साथीदारांनी एकच मजकूर पाठवला तर आयोजकाला आमचा आकडा आधी लिहावा लागेल.